दिव्याच्या उजेडात

किनाऱ्यावर ऋषींचा जयजयकार चालला होता. त्यांनी सगळा समुद्र पिऊन टाकला, तळाशी दडलेले दानव उघडे पडले आणि देवांनी त्यांना संपवलं. एक कोळीण मात्र आपल्या खडकावर उभी राहून खाली बघत होती. मासे मारायला गेलेला तिचा नवरा परतलाच नव्हता. त्याला वाट दिसावी म्हणून ती रोज तिन्हीसांजेला इथंच दिवा लावायची.

हाकेच्या अंतरावर, चिखलात, त्याची होडी कुशीवर पडली होती. पुढच्या टोकावर त्यानं कोरलेला मोर होता. दिव्याचा उजेड तिथवर सहज पोचत असणार.

ती ऋषींच्या पायाशी गेली. "महाराज, पाणी परत सोडा. ती होडी माझ्या दारातून दिसते."

"पचलं, बाई," ऋषी खाली मान घालून म्हणाले.

घरी आंधळी सासू उंबऱ्यावर कान देऊन बसली होती. "आज दर्याचा आवाज नाही गं. माझा लेक येणार कसा?"

तिनं दिव्यात तेल घातलं, वात सारखी केली.

"ओहोटी लागलीय, आई. भरती आली की येतील."