दुभाषी

साराने होडीचं चित्र सतीशरावांसमोर धरलं. "टेक युअर टाइम, सतीश," ती म्हणाली.

लंडनजवळच्या पिनरमधल्या त्या घरात त्यांना नुसतं 'सतीश' म्हणणारं आजवर कुणी आलं नव्हतं. सारा स्पीच थेरपिस्ट होती. पोरगी लाघवी होती, पण समोर बसलेला माणूस कोण आहे हे तिला ठाऊक नव्हतं. ज्याने निम्मं आयुष्य ताहिती, सामोआ, फिजीच्या बेटांमधून शिडाच्या होड्यांवर काढलं, ज्याची पुस्तकं वाचून पुण्या-मुंबईची पोरं समुद्राच्या वेडाने घर सोडून निघाली, त्याला आता एक होडी ओळखायची होती.

स्ट्रोकने त्यांचं सगळं इंग्रजी पुसून नेलं होतं. मराठीचे काही तुकडे तेवढे उरले होते. म्हणून त्यांच्या पत्नी यमुनाबाई शेजारी बसायच्या. "ते बोलतील तेवढंच मला सांगायचं, त्यांना सुचवायचं नाही," असं साराने बजावलं होतं. मागच्या खेपेला दारात कोट चढवता चढवता ती आणखी एक गोष्ट म्हणाली होती. "प्रोग्रेस दिसला नाही, तर पुढच्या व्हिजिट्स बंद होतील. आय अॅम सो सॉरी."

सतीशरावांचे ओठ हलले. आवाज फुटेना. डाव्या हाताचं बोट त्यांनी शिडावर टेकवलं आणि हळूच फिरवलं. यमुनाबाईंच्या अगदी जिभेवर शब्द आला. त्यांनी कार्डिगनचं टोक मुठीत आवळून धरलं.

"अहो, सावकाश," एवढंच त्या म्हणाल्या.

एकाएकी सतीशरावांचा चेहरा उजळला. डोळे भरून आले.

"घर," ते म्हणाले. इतक्या महिन्यांतला पहिला स्वच्छ शब्द. मग पुन्हा, खात्रीने, "घर."

सारा यमुनाबाईंकडे वळली. "व्हॉट डिड ही से?"

बंद पडलेला बॉयलर, मुलांचे ताप, सासूबाईंचं शेवटचं दुखणं, सगळं यमुनाबाईंनी याच घरात एकटीने काढलं होतं. सफरीवरून परतले की सतीशरावांना स्वयंपाकघरात कप सापडत नसत, आणि त्या हसून काढून देत.

"बोट," यमुनाबाई म्हणाल्या. "ही सेड बोट."

"ब्रिलियंट!" साराने टाळी वाजवली.

सतीशरावांनी बायकोकडे पाहिलं. मान हलवली. "घर," त्यांनी परत सांगितलं, लहान मुलाला समजावावं तसं. यमुनाबाई कार्पेटकडे बघत राहिल्या.

साराने खुशीत पुढचं चित्र काढलं. लाल विटांचं घर, काळं दार, खिडकीला पडदे.

सतीशरावांनी ते हातात घेतलं. जवळ नेलं, लांब धरलं. कपाळावर आठ्या चढल्या. शेवटी त्यांनी ते चित्र यमुनाबाईंच्या मांडीवर ठेवलं, आणि परक्या गावात एखाद्या अनोळखी बाईला वाट विचारावी तसं, अदबीने, त्यांच्याकडे पाहिलं.

"यमुना?" सारा पेन उघडून थांबली होती. "एनिथिंग?"

यमुनाबाईंना दोन्ही भाषांतला एकही शब्द सुचेना.