पोटातलं

पावशीच्या पात्यावर बांगड्याचं पोट चिरलं की आतला जंत अंगठ्यानं उडवून द्यायला प्रयागबाईला डोळ्याचं पातं लवेपर्यंतचाही वेळ लागत नसे. नागपुरात, महालातल्या बाजारात ती वीस वर्षं मासोळी विकत होती, पण एकाही गिऱ्हाइकाच्या नजरेला जंत पडू दिला नव्हता. आज मात्र गिऱ्हाईक समोर असतानाच तिचा हात थांबला. पांढरा, वेटोळं घातलेला जंत तिनं नखावर अलगद उचलला आणि उजेडाकडे धरून निरखला. समोर उभ्या असलेल्या बाईंनी नेमकं तेच पाहिलं.

मग काय विचारता. बाईंनी नाकाला पदर लावला आणि चार दुकानं ऐकतील अशा आवाजात विचारलं, की लोकांना किडे खाऊ घालता काय. शेजारच्या दोन गिऱ्हाइकांनी हातातली मासोळी गुपचूप परत बर्फावर ठेवली.

मयुरी तिथंच होती, अगदी हातभर अंतरावर. प्रयागबाईची एकुलती एक पोर. दुपारच्या गाडीनं रत्नागिरीला परत निघाली होती, म्हणून आईला भेटायला आली आणि खांद्याला बॅग लावून गिऱ्हाइकांच्या बाजूला उभी राहिली. बाईंना तिनं आवाजावरूनच ओळखलं. धरमपेठेतल्या कॉलेजच्या या प्राचार्य मॅडम. कालच त्यांनी मयुरीचं व्याख्यान ठेवलं होतं, आणि नंतर केबिनमध्ये चहा पाजून सांगितलं होतं, जूनमध्ये जागा निघतेय, अर्ज कर. घरी कोण कोण, असंही विचारलं होतं. आईचा छोटासा व्यवसाय आहे, असं मयुरी म्हणाली होती. कसला ते मॅडमनी विचारलं नाही, आणि हिनंही सांगितलं नाही.

रत्नागिरीला मयुरीची पीएचडी चालली होती ती याच जंतांवर. काल दीडशे पोरांसमोर काय ऐटीत सांगितलं होतं तिनं. जंताला एकट्याला जगता येत नाही. आधी झिंग्याएवढा जीव लागतो, मग त्याला खाणारा मासा, मग त्या माशाला खाणारा डॉल्फिन. समुद्र तापतोय तसे काही जंत किनाऱ्यावरून नाहीसे होतात, काही भलतेच वाढतात, आणि त्यांच्यामागून कोण जगणार, कोण मरणार, हा सगळा हिशेबच बदलतो. तेव्हा माशाच्या पोटात असा जंत दिसला तर नाक मुरडू नका. त्या पाण्यात अजून सगळे जण नांदताहेत, असं समजा. यावर टाळ्या पडल्या होत्या, आणि पहिली टाळी मॅडमचीच होती.

आता मॅडमची नजर तिच्यावर गेली.

"अगं मयुरी, तू? तूही हिच्याकडूनच घेतेस का?"

"हो मॅडम," मयुरी म्हणाली. "कधीमधी."

प्रयागबाईनं मान वर केली नाही. पावशीवरचं पाणी मात्र तिनं विनाकारण फडक्यानं पुसलं.

बरं झालं भेटलीस, मॅडम म्हणाल्या, आता तूच सांग हिला, हे खायच्या लायकीचं आहे का. सगळं मयुरीच्या ओठावर होतं. नीट शिजवलं तर काही होत नाही. मासोळी चांगली आहे. ही माझी आई आहे. पण तिची मान खाली गेली ती वर येईना, आणि समोर दिसत राहिल्या फक्त आईच्या रबरी चपला, खवल्यांनी माखलेल्या. लहानपणी याच चपला शाळेच्या फाटकापाशी दिसल्या की ती मैत्रिणींना घेऊन दुसऱ्या बाजूनं जायची. एवढं शिकून ती अजून त्याच फाटकाशी उभी होती, आणि शरमेनं तिचे कान जळत होते.

"दुसरी घ्या मॅडम," ती म्हणाली. "ही नका घेऊ."

प्रयागबाईनं चिरलेली मासोळी जंतासकट बाजूला सारली. बर्फातली दुसरी काढली, दोनदा धुतली, चिरून पिशवीत घातली.

"चुकलं मॅडम," ती म्हणाली. "म्हाताऱ्या डोळ्याईले दिसत नाही आता."

केसाएवढा जंत नखावर उचलणारे डोळे होते ते. मॅडमनी पिशवी घेतली आणि कुरकुरत पलीकडच्या गाड्यावर सांभाराची जुडी निवडायला गेल्या.

मयुरी पुढं सरकली. तेवढ्यात प्रयागबाईनं बुडाखालच्या पोत्यातून एक बाटली काढली. खोकल्याच्या औषधाची, घासून लख्ख केलेली. आत मिठाचं पाणी होतं आणि तळाशी जंत, पंधरा-वीस तरी. मघाचा तिनं बाजूच्या मासोळीवरून नखानं उचलून हळूच आत सोडला आणि झाकण लावलं.

मयुरीला मग आठवलं. महिन्यापूर्वी फोनवर ती सहज बोलून गेली होती, आपल्या नागपुरात येणाऱ्या मासोळीत कोणते जंत निघतात ते पाहायला पाहिजे. बोलून ती विसरलीही होती.

"एकही फेकला नाही," प्रयागबाई हळूच म्हणाली. "गिऱ्हाईक पाहून राह्यलं असलं तरी नाही. तुह्या कामाचे हायेत ना?"

"माय," मयुरी म्हणाली. "माय, मी..."

"हळू बोल वं. मॅडम तिथंच हायेत."

प्रयागबाईनं बाटली काळ्या पिशवीत घातली, वर मूठभर बर्फ टाकला, गाठ मारली. मग पिशवी पुढं करून, पलीकडच्या गाड्यापर्यंत जाईल अशा चांगल्या मोकळ्या आवाजात ती म्हणाली, "घ्या ताई. आणखी काही देऊ तुम्हाले?"