बारूदखान्यातला तत्कार

“बूट काढा,” मेजर शैलेंद्र पोतनीस म्हणाले आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच वाकून नाड्या सोडू लागले.

बारूदखान्यात अनवाणीच जायचं, हा इंग्रजांच्या वेळेपासूनचा नियम. तेव्हा आत पिंपं भरभरून दारू असे, आणि बुटाच्या खिळ्याची एक ठिणगी पुरे होती. म्हणून जमीनही दगडी नव्हती. जाड सागवानी फळ्या, त्यांना लाकडाच्याच खुंट्या. आता दारू गेली होती, पण मेजरांना नियम मोडवत नसे. नोकरीची शेवटची वर्षं त्यांनी याच आवारात काढली होती.

जबलपूर छावणीतलं हे जुनं आवार लष्करानं शहराला दिलं होतं. तबेल्यात चित्रशाळा सुरू झाली होती. बराकींत वाचनालय आलं होतं, छोटं नाट्यगृह आलं होतं. राहिला होता बारूदखाना. सल्लागार समितीचे अध्यक्ष म्हणून मेजरांना तिथे संग्रहालय हवं होतं. काचेची कपाटं, जुन्या तलवारी, शांतता. अमिताला तिथे कथकचा वर्ग हवा होता. शहरातल्या गढा भागातली तिची भाड्याची जागा महिनाअखेर सुटणार होती, आणि दुसरी मिळाली नाही तर वर्गच बंद पडणार होता. निर्णय संध्याकाळी व्हायचा होता, आणि अध्यक्षांचा शब्द कोणी मोडणार नव्हतं.

“सर, एक बार देख तो लीजिए,” अमितानं फोनवर विनवलं होतं. “मग नाही म्हणा.”

म्हणून ते आले होते. सोबत त्यांच्या पत्नी, इंदूताई. इथून दोघांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं.

नकाराचं खरं कारण मेजरांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. इंदूताई एके काळी कथक शिकवायच्या. अमिता त्यांचीच विद्यार्थिनी. मग एका मोठ्या दुखण्यात त्यांचे दोन्ही कान गेले. समोरच्याचं बोलणं त्या ओठांवरून ओळखायला शिकल्या, पण तबल्याला कुठे ओठ असतात? वर्ग बंद झाला. तेव्हापासून मेजरांनी घरात नाचाचा विषय येऊ दिला नव्हता. टीव्हीवर कोणी नाचू लागलं की ते चटकन चॅनेल बदलत. आणि हे आवार तर त्यांच्या घराच्या गल्लीतच. रोज संध्याकाळी घुंगरू घेतलेल्या मुली दारावरून जाणार. इंदूनं ते का बघायचं?

आत अमिताच्या मुली ओळीत उभ्या होत्या. तबला आणला नव्हता. अमितानं टाळीवर ताल धरला आणि मुलींनी पावलांनी ठेका देत तत्कार सुरू केला. हातभर जाडीच्या भिंतींत पावलांचा आवाज कोंडून घुमू लागला.

मेजरांनी हळूच पत्नीकडे पाहिलं. इंदूताई मुलींकडे बघतच नव्हत्या. त्या मान खाली घालून आपल्याच पायांकडे बघत होत्या.

मेजर त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. “चल इंदू. उशीर होऊन राहिला.”

“थांबा जरा.”

त्यांनी पदर खोचला. डोळे मिटले. उजवा पाय फळीवर पडला, मग डावा. आधी मुलींच्या किंचित मागे, मग अगदी बरोबर. ते पाहून अमितानं लय दुप्पट केली. इंदूताईंचे डोळे मिटलेलेच होते. पावलं मात्र त्याच क्षणी दुप्पट झाली.

“अमिता,” त्या नाचता नाचताच म्हणाल्या, “माझ्या डाव्या हाताची पोरगी घाई करून राहिली.”

खरंच करत होती. अमिताची टाळी चुकली. तिनं तोंड फिरवून ओढणीनं डोळे पुसले आणि पुन्हा ताल धरला.

मेजर तिथेच भिंतीशी खाली बसले आणि त्यांनी तळहात फळीवर टेकवला. थरथर हातातून कोपरापर्यंत चढली. त्यांनी हात उचलला नाही. डॉक्टरांची वेळ कधीच टळून गेली होती.

संध्याकाळी समितीच्या बैठकीत ते उभे राहिले. “तलवारी बराकीत ठेवा,” म्हणाले. “बारूदखाना अमिताच्या वर्गाला द्या.”

सगळे चकित झाले. कोणीतरी कारण विचारलं.

“जमीन लाकडाची आहे,” मेजर म्हणाले आणि खाली बसले.

इंदूताई बाहेर वाट बघत थांबल्या होत्या. दोघं पायीच घराकडे निघाले. दिव्याच्या खांबाखाली मेजर थांबले, इंदूताईंना आपले ओठ दिसावेत म्हणून.

“इतकी वर्षं तू नाचली नाहीस,” ते म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता, पण तो त्यांनाच ऐकू आला. “मला आधी सुचायला हवं होतं.”

इंदूताई हसल्या. “नाचली नाही, असं कोण म्हणालं? तुम्ही सकाळी फिरायला जाता ना, तेव्हा रोज नाचते मी. गादी सारून दिवाणाच्या फळ्यांवर. फक्त एकटीच. आज सोबत मिळाली.”

मेजरांनी विचारलं, “मग मला काहून नाही सांगितलं कधी?”

इंदूताईंनी त्यांचा हात हातात घेतला.

“तुम्ही माझ्यासाठी इतके दुःखी होते, चॅनेल बदलून बदलून मला इतकं जपत होते,” त्या म्हणाल्या, “तुमचं मन मोडवलं नाही मला.”