पिठाचा हात

मंदानं लेकराची दुपटी पिशवीत कोंबली आणि बंद करकचून बांधला. उद्या सकाळच्या गाडीनं ती गंगापूरला, माहेरी निघणार होती. किती दिवसांसाठी, ते तिनं सांगितलं नव्हतं. आणि विचारायची तिच्या सासूची, भागूबाईची, छाती होत नव्हती.

भांडण म्हणाल तर झालंच नव्हतं. लेकरू झोपत नव्हतं, एवढंच. चांगलं गुटगुटीत, वाटीनं वरचं दूध प्यायला लागलेलं. पण रात्री घडीघडीला उठायचं. दिवसा दूध उतू जाईपर्यंत झोपायचं आणि सांडलेलं पुसेपर्यंत जागं व्हायचं. तिचा नवरा बन्सी वाळूजच्या कंपनीत रात्रपाळीला, त्यामुळं जागरण सगळं मंदाच्या वाट्याला. पोरीचे डोळे खोल गेले होते. परवा तिनं चहात साखरेऐवजी मीठ घातलं आणि कळेपर्यंत अर्धा कप पिऊनही टाकला.

आणि भागूबाईचं रोज सकाळी एकच पालुपद. "आमचा बन्सी बाई रातभर झोपायचा. एकदाबी उठला नाय."

खोटं बोलत नव्हती बिचारी. तिच्या उभ्या संसारातलं तेच तर एक सुख होतं. नवरा तापट, सासू खाष्ट. पण लेकरू सोन्यासारखं. संध्याकाळी कुशीत घ्यावं ते सकाळी तिथंच निजलेलं. पहाटे सासू तेवढी त्याच्या जावळावरून पिठाचा हात फिरवायची. दृष्ट लागू नये म्हणून. पुसायचं नाही, अशी सक्त ताकीद. हे सगळं भागूबाईनं शहागंजामागच्या त्या अख्ख्या गल्लीला ऐकवून झालं होतं. ते ऐकलं, की शेजारची जहांआरा तेवढी तोंडाला पदर लावायची.

आज सकाळीही भागूबाई सवयीनं बोलून गेली, आणि मंदानं खुंटीवरची पिशवी काढली.

"मलाच लेकरू सांभाळता येत नाही, आत्याबाई. माझी आई तरी बघंल," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर भागूबाईला बरं वाटलं असतं.

दुपारी जहांआरा आली ती दारातली भरलेली पिशवी बघून थबकली. तिनं भागूबाईला हाताला धरून ओट्यावर आणलं.

"बहू कुठं निघाली?"

"माहेरी. लेकरू झोपत नाय म्हून. आता आमचा बन्सी बघ, रातभर..."

"बस करो, भाभी!" जहांआरानं कपाळाला हात लावला. "तुमचा बन्सी रातभर हमारी भट्टीपे रहता था."

"भट्टीवर? तान्हं लेकरू?" भागूबाईनं हात सोडवून घेतला.

जहांआराच्या घरची नानची भट्टी. आता तिचा लेक जब्बार चालवतो, तेव्हा तिचा नवरा चांदपाशा चालवायचा. काम सगळं रात्रीचं. बन्सीनं कुशीत चुळबुळ केली रे केली, की त्याची आजी, म्हणजे भागूबाईची सासू, त्याला उचलायची आणि मागच्या दारानं भट्टीवर न्यायची. तिथं त्याला ऊब मिळायची. कणीक आपटल्याचा धपधप आवाज ऐकत तो पिठाच्या पोत्यावर जरा डोळा लावायचा, पुन्हा उठायचा. मग वाटीभर शेळीचं दूध, पुन्हा मांडी, पुन्हा थोपटणं. पहाटे आजी त्याला आणून गुपचूप आईच्या कुशीत ठेवायची.

"अन् तू मला इतकी वर्सं सांगितलं नाय?"

"कैसे सांगणार? कसम घातली होती तुमच्या सासूबाईंनी. बोले, बाळंतपणात लई खचली पोरगी. झोपू दे तिला. लेकरू रातभर झोपलं, असंच मी सांगणार." जहांआरानं दारातल्या पिशवीकडं बोट केलं. "पर आज नक्को भाभी. आज गप बसले तर तुमची बहू जाती."

भागूबाईच्या डोळ्यांपुढं जावळावरचं ते पीठ आलं. दृष्टीचं पीठ! तिला फसकन हसू आलं, आणि हसता हसताच ती रडायला लागली. जिला जन्मभर खाष्ट म्हणत आलो, तिनंच आपल्याला रात्र रात्र झोपवलं होतं. आता पाया पडावं म्हटलं, तर पायच राहिले नव्हते.

मग तिनं डोळे पुसले, आत जाऊन मंदाला गरम भाकरी वाढली आणि "सकाळी गाडी हाय, आज लवकर पड," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मंदा धावत ओट्यावर आली, तेव्हा चांगलं ऊन वर आलं होतं. भागूबाई भिंतीला टेकून बसली होती. लेकरू मांडीवर गाढ झोपलं होतं. तिची कंबर धरली होती, डोळ्यांत रेती गेल्यासारखं होत होतं, आणि इतकं छान तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

"आत्याबाई, उठवलं का नाही मला? गाडी गेली!"

"जाऊ दे की. गाड्या काय, रोज हायेत."

"अन् ह्यो? किती येळा उठला?"

भागूबाईनं आलेली जांभई गिळली. "एकदाबी नाय."

झोपेनं मंदाचा चेहरा धुतल्यासारखा झाला होता. कितीतरी दिवसांनी ती हसली आणि लेकराचा मुका घ्यायला वाकली.

"अगं बाई, जावळाला हे पीठ कसलं?"

समोरच्या दारात जहांआरानं पदर तोंडाला लावला.

"दृष्ट लागू नये म्हून हात फिरवलाय. पुसू नको," भागूबाई म्हणाली. "लेकरू अगदी बापावर गेलंय."