येते हं

घरातून निघताना कुणी 'जाते' म्हटलेलं आमच्या सासूबाईंना मुळीच चालत नाही. 'येते' म्हणायचं. बारा वर्षांत ते माझ्या जिभेवर इतकं बसलंय, की वेल्समधल्या त्या समुद्राकाठच्या गावात, किल्ल्याच्या रिकाम्या बुरुजातून बाहेर पडतानाही मी सवयीनं म्हणाले, "येते हं."

आतून माझ्याच आवाजात आलं, "येते."

माझा नवरा, गौरांग, हसला. "घाबरतेस काय? प्रतिध्वनी आहे तो."

मग त्यात माझं 'हं' का नव्हतं?

पुढचे आठ दिवस मी हॉटेलात, ट्रेनमध्ये, विमानातसुद्धा मागे वळून बघत होते. मागे कधीच कुणी नव्हतं.

आज सकाळी टॅक्सी इंदिरानगरात वळली, कोपऱ्यावरच्या मिसळीचा वास आला आणि माझा जीव भांड्यात पडला. दारात सासूबाईंनी आम्हा दोघांवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. मी आत आले, दार लावलं, कडी घातली आणि सोफ्यावर मस्त पाय पसरले. गौरांग आंघोळीला गेला. सगळं जिथल्या तिथे होतं. एवढ्याशा आवाजानं अख्खी सहल नासवली, म्हणून मला माझंच हसू आलं.

स्वयंपाकघरातून आल्याच्या चहाचा वास सुटला.

"आभा, येतेस ना गं?" सासूबाईंनी हाक मारली.

मी तोंड उघडायच्या आत, बंद दाराच्या पलीकडून, माझ्याच आवाजात उत्तर आलं.

"आले."