सातवा टेक

“मावशी, तू हात का सोडलेस?” हरेशने पुन्हा विचारलं.

रखमी ओटीवर उडीद पाखडत होती. “शिनेमा करणारा तू. आन् मला विचारतोस?”

बारा वर्षांपूर्वी, मुरबाडजवळच्या याच वाडीत, सापगावचा हरेश दिग्दर्शक झाला होता. त्याच्या त्या पहिल्या चित्रपटात घर सोडून गेलेला मुलगा परततो, आई त्याला मिठी मारते, आणि मग तिचे हात हळूच गळून पडतात. आई झाली होती रखमी. त्या हातांवर लोकांनी लेख लिहिले. नंतरचे त्याचे तिन्ही चित्रपट पडले.

आता पाचवा. हाही पडला तर सहावा कोणी देणार नव्हतं. आटगावला शूटिंग सुरू होतं. तसाच प्रसंग होता, पण नटीचे हात खोटे पडत होते.

“कारण सांग. मी तिला समजावतो.”

“कारण काय! दुखले असतील.”

“नाय गो. पहिलाच टेक चांगला होता. तूच म्हणालीस, पुन्यांदा घ्या. सहा वेळा म्हणालीस. ऊन चढलं, हिरो घामाने निथळत होता, तरी तू ऐकेनास. सातव्याला हात सोडलेस आणि म्हणालीस, बास. मी शिबिरांत सांगतो, कसब रखमीमावशीकडून शिका.”

“आन् आमची म्हैस मधी आलेली, ती नाय सांगत?”

तो हसला. “सांगतो ना. कपड्यांचंही सांगतो. नवे कपडे मळवले तरी खोटे दिसतात. म्हणून आमी वाडीत नवे शर्ट वाटले, अंगावरचे जुने घेतले. धुवूसुद्धा दिले नाय.”

रखमीचं सूप थांबलं.

“मी रानात गेलते,” ती म्हणाली. “सुनेनं धाऊचा शर्ट दिला. तिला नवा मिळाला, तिच्या भावाला झाला.”

“धाऊ कोण?”

“माझा पोर. त्याला मरून तवा दोन महिने झालेले. तुझ्या हिरोच्या अंगावर बघितला, तवा मला समजलं.”

हरेशने हातातली वही मिटली.

“गळ्यापाशी त्याचा वास होता. म्हणून म्हणत होते, पुन्यांदा घ्या.” तिने सुपातला खडा वेचला आणि अंगणात टाकला. “सातव्यांदा नुसता तुझ्या हिरोचाच आला.”