शंभर अंश

“सर, पाणी चौऱ्याण्णवलाच उकळतंय,” हर्षाली म्हणाली.

“थर्मामीटर बिघडला असेल. पुस्तकात शंभर आहे ना? मग शंभर लिही,” खोबरेकर सरांनी नेहमीसारखं सांगून टाकलं.

रात्री जेवताना बायको कुरकुरली, “किती वेळ शिजवली तरी डाळ कच्चीच राहतेय हो हल्ली.”

सरांचा घास हातातच राहिला. असं तर उंच डोंगरावर होतं, हवा विरळ असते तिथे. आणि हे समुद्रकाठचं मालवण! मग इथली हवा गेली कुठे?

सकाळी प्रयोगशाळेचा जिना चढताना त्यांना धाप लागली. वर मुलंही तोंड उघडून श्वास घेत होती.

“हर्षाली, काल खरं किती आलं होतं?”

“शंभर, सर,” ती धापा टाकत म्हणाली. “सगळ्यांचं शंभरच आलंय.”